वर्गखोल्या मोजा, मग पाया खणा

वाचकांचे प्रश्न : विद्यापीठ परिसरातलं बांधकाम आणि जमीन

आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख ‘कोणत्या विटा, कोणती काच’ याकडे आहे. विटांकडे येऊ, पण उत्तरांचा क्रम मुद्दाम वेगळा लावला आहे : आधी बांधायचं का, मग कुठे, आणि त्यानंतर कसं.

प्रश्न : वर्गखोल्या अपुऱ्या पडतात, असा आमच्या सगळ्याच विभागांचा सूर आहे. चार मजली नवी इमारत मंजुरीला आहे. ती पर्यावरणपूरक व्हावी म्हणून आराखड्यात आत्ताच काय घालून घ्यावं? — इमारत समितीचे एक सदस्य

आराखड्यात काही घालण्याआधी आहेत त्या खोल्यांची शिरगणती करा. वेळापत्रकावर विसंबू नका. वेळापत्रकात खोली भरलेली दिसते, कारण विभागाने ती राखून ठेवलेली असते. तिथे तास होतो की नाही हे त्या कागदाला माहीत नसतं.

सत्र सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की एक नेहमीचा आठवडा निवडा. परीक्षा, सुट्टी किंवा महोत्सवाचा नको. प्रत्येक तासाच्या विसाव्या मिनिटाला माणसाने दारातून डोकावून डोकी मोजायची. त्याआधी मोजलं तर उशिरा येणारे निसटतात. कागदावर चार रकाने पुरतात : खोली, वेळ, आसनं, डोकी. खोली रिकामी असेल तर शून्य, बंद असेल तर ‘कुलूप’ असं वेगळं लिहा. हा फरक पुढे फार उपयोगी पडतो.

समजा ६० खोल्या आणि आठवड्याचे ४५ तास आहेत, म्हणजे २,७०० खोली-तास. त्यांपैकी १,३५० तास खोल्या वापरात सापडल्या, तर वापराचं प्रमाण ५० टक्के. वापरात असताना सरासरी निम्मी आसनं भरलेली असतील, तर दोन्हींचा गुणाकार २५ टक्के. थोडक्यात, तुमच्याकडे असलेल्या आसन-तासांपैकी तीन चतुर्थांश रिकामे जात आहेत, आणि तरीही ‘खोली मिळत नाही’ ही तक्रार खरी आहे. कारण सगळ्यांना खोली सकाळी दहा ते एकमध्येच हवी असते.

पहिला आकडा कमी असेल तर दोष वेळेचा आणि कुलपांचा. खोल्या विभागांच्या ताब्यातून काढून एका सामाईक यादीत आणा, आणि प्रत्येक विभागाने आपले निदान ३० टक्के तास दुपारी घ्यावेत असा नियम करा. दुसरा आकडा कमी असेल तर दोष मापांचा : १२० जणांच्या सभागृहात ३० जणांचा तास चाललेला असतो. तिथे मोठी खोली दुभंगता येते. मात्र भिंत छताच्या स्लॅबपर्यंत न्या. नुसती फॉल्स सीलिंगपर्यंत नेली तर एका वर्गातलं व्याख्यान वरच्या पोकळीतून दुसऱ्या वर्गात ऐकू येतं, आणि महिनाभरात दोन्ही प्राध्यापक जुनी खोली परत मागतात.

शंभर टक्के वापर कुणालाच जमत नाही, तसा धरूही नका. खोल्या ७० टक्के वेळ वापरात आणि तेव्हा आसनं ६५ टक्के भरलेली, म्हणजे गुणाकार साधारण ४५ टक्के, ही चांगली स्थिती म्हणायची. तिथवर पोचूनही खोल्या कमी पडत असतील, तर जरूर बांधा. प्रयोगशाळांना हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. मांडून ठेवलेला प्रयोग दुपारच्या तुकडीसाठी उचलता येत नाही.

प्रश्न : नव्या संकुलासाठी दोन जागा सुचवल्या आहेत. एक परिसराच्या टोकाला पडीक गवताळ माळ, दुसरी मधोमध असलेला मोटारींचा तळ. माळ मोकळा असल्याने सगळ्यांचा कल तिकडे आहे. निवड कोणत्या निकषांवर करावी?

‘पडीक’ हा शब्द आधी खोडा. झाडं नसलेली जमीन रिकामी नसते. जुन्या गवताळ माळाची माती मुळांनी विणलेली असते, पावसाचं पाणी ती मुरवते, आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथेच असतात. अशा माळावर इमारत बांधणं चूक आहे, तसंच ‘हरितीकरण’ म्हणून तिथे दाट झाडं लावणंही चूकच.

जागा ठरवायला एकाच मापाचे पारदर्शक नकाशे एकमेकांवर ठेवून पाहावेत. पहिला समोच्च रेषांचा, दोन रेषांमधला उंचीचा फरक अर्ध्या मीटरचा. पाच मीटरच्या रेषांवर परिसराचे खोलगट भाग दिसतच नाहीत. दुसरा पाण्याचा, आणि तो कार्यालयात बसून काढू नका. जोरदार पाऊस चालू असताना छत्री घेऊन फिरा, पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं याच्या खुणा करा. तिसरा झाडांचा, बुंध्याच्या व्यासासह. चौथा मातीचा, पाचवा सध्याच्या नळ, गटारं आणि केबलींचा. प्रत्येक नकाशावर ‘इथे नको’ असा भाग रंगवा. सगळे एकत्र ठेवल्यावर जे बिनरंगी उरतं, त्यातच पर्याय शोधायचे.

तुमच्या दोन जागांत आमचं मत मोटारतळाच्या बाजूने आहे. एका मोटारीची चौकट १२ ते १३ चौ. मी. दिसते, पण ये-जा करण्याची वाट धरली की २५ ते ३० चौ. मी. लागतात. ३०० मोटारींचा तळ म्हणजे ७,५०० ते ९,००० चौ. मी. जमीन, तीही आधीच दाबलेली आणि डांबराखाली गेलेली. नवं नुकसान जवळपास नाही.

दुसरं कारण चालण्याचं. दोन तासांमधल्या १० मिनिटांत माणूस सपाटीवर ७०० ते ८०० मीटर चालतो. त्यातून जिने आणि दारातली गर्दी यांचा वेळ वजा केला की ४०० ते ५०० मीटर उरतात. याहून लांब वर्ग नेले की विद्यार्थी दुचाकीवर येतात, आणि टोकाच्या इमारतीपाशी नवा वाहनतळ करावा लागतो. तो मूळ प्रस्तावात कधीच नसतो.

तिसरं कारण सांडपाण्याचं. नळाला शंभराला एक उतार धरला, तर ६०० मीटर अंतरावर नळ ६ मीटर खाली उतरायला हवा. जमिनीला तेवढा नैसर्गिक उतार नसेल तर खोल चर किंवा पंप, आणि पंप आला की वीज गेल्यावर काय करायचं हा प्रश्न कायमचा मागे लागतो.

माळच घ्यावा लागला, तर खोदाईच्या पहिल्या दिवशी वरची १५ ते २० सेंमी माती वेगळी काढा. ढीग दीड-दोन मीटरपेक्षा उंच नको, नाहीतर आत हवा न पोचून मातीतलं जीवन मरतं. ढिगावर ट्रक चढवू देऊ नका. ठेकेदाराला हे तोंडी सांगून भागत नाही. निविदेत स्वतंत्र बाब म्हणून लिहावं लागतं.

प्रश्न : हिरवळीतून विद्यार्थी आडवे जातात. कुंपण घातलं, तेही वाकवलं. उपाय?

जिथून जातात तिथेच वाट बांधा. तुडवलेली पायवाट म्हणजे फुकट मिळालेली वाहतूक पाहणी आहे. नव्या इमारतीभोवती तर पहिलं वर्ष खडीच्या तात्पुरत्या वाटा ठेवाव्यात आणि फरशी नंतर बसवावी.

प्रश्न : वास्तुविशारदांनी पश्चिमेला पूर्ण काचेची भिंत दाखवली आहे आणि ‘विशेष काच’ वापरल्याने उष्णता येणार नाही असं म्हणतात. हे कितपत खरं?

काच चांगली असेल तर उष्णता कमी येते. येणार नाही असं नाही. छज्जाचं गणित समजलं की पश्चिमेची अडचण लगेच कळते. छज्जाची खोली = खिडकीची उंची ÷ सूर्याच्या उन्नत कोनाचा टॅन्जंट. विषुवदिनी मध्यान्हीचा कोन ९० वजा अक्षांश असतो. २० अंश अक्षांशावर तो ७० अंश, म्हणून दक्षिणेच्या दीड मीटर उंच खिडकीला ५५ सेंमीचा छज्जा पुरतो. ४० अंशांवर कोन ५०, छज्जा सव्वा मीटरच्या पुढे जातो. तिथे एकाऐवजी निम्म्या-निम्म्या उंचीवर दोन लहान छज्जे द्यावेत.

पश्चिमेला मात्र दुपार कलल्यावर सूर्य ३० अंशांवर आणि समोर असतो. त्याच खिडकीला २.६ मीटरचा छज्जा लागेल, आणि तासाभराने तोही अपुरा पडेल. म्हणून इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे आखूड बाजू पूर्व-पश्चिमेला येतात, आणि त्या बाजूंना जिने, स्वच्छतागृहं, भांडारं घालायची. खिडकी हवीच असेल तर उभे पडदे, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले पट्टे, आणि तेही काचेच्या बाहेर. आतून लावलेला पडदा ऊन अडवतो, पण उष्णता तोवर आत आलेली असते. गडद फिल्म लावली तर खोली काळोखते आणि भर दुपारी दिवे लागतात.

उजेडाचा अंदाज सोपा आहे : खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दुप्पट ते अडीचपट खोलीपर्यंत कामापुरता उजेड पोचतो. कड २.४ मीटरवर असेल तर ५ ते ६ मीटर. वर्ग याहून खोल असेल तर दोन्ही बाजूंनी खिडक्या हव्यात. वाऱ्यालाही त्याच लागतात. वेड्यावाकड्या आकाराच्या भव्य इमारतीपेक्षा साधा अरुंद पट्टा बहुतेक हवामानांत चांगला चालतो. छायाचित्रात तो उठून दिसत नाही, एवढाच त्याचा दोष.

प्रश्न : बांधकामात जुनं झाड वाचवायचं ठरलं. बुंध्याभोवती पत्रे लावले, फांदीलाही धक्का नाही. तरी दोन वर्षांत शेंडा वाळायला लागला. का?

कारण झाड वर वाचलं, खाली मेलं. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या ६० सेंमी ते १ मीटर मातीत असतात आणि पर्णसंभाराच्या पलीकडेही पसरतात. जपायचं वर्तुळ असं काढा : छातीच्या उंचीवर बुंध्याचा व्यास मोजा, त्याच्या १२ पट त्रिज्या. बुंधा ६० सेंमीचा असेल तर त्रिज्या ७.२ मीटर. कुंपण या रेषेवर हवं, बुंध्याला चिकटून नाही.

वर्तुळाच्या आत सिमेंटच्या गोण्या, खडीचे ढीग, ट्रकची वाट, चर यांपैकी काहीही नको. एकदा जड वाहन फिरलं की माती दाबली जाऊन तिच्यातली हवा निघून जाते. भराव टाकून जमीन ३० सेंमी उंच केली तरी तोच परिणाम होतो. केबल न्यायचीच असेल तर हवेच्या दाबाने माती उडवून, मुळं न तोडता त्यांच्याखालून न्या. झाड साठवलेल्या अन्नावर काही काळ तग धरतं, म्हणून नुकसान उशिरा दिसतं आणि तोवर ठेकेदाराची अनामतही परत गेलेली असते. ती उशिरा परत करण्याची अट घाला.

प्रश्न : परिसरात पाणी मुरवण्याचे खड्डे आहेत. पहिली दोन वर्षं ठीक चालले, आता पहिल्याच सरीत ओसंडून वाहतात. गाळ काढला तरी फरक नाही.

गाळ हे अर्धं कारण आहे. उरलेलं अर्धं खड्ड्याच्या मापात आहे, आणि ते बहुधा पहिल्या दिवसापासून चुकलेलं असतं.

१ चौ. मी. छपरावर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. १,००० चौ. मी. गच्चीवर तासात ४० मिमी पडला आणि त्यातला ८५ टक्के खाली आला, तर ३४,००० लिटर. आता खड्डा पाहा : २ मी. × २ मी. × २.५ मी. म्हणजे १० घनमीटर. पण तो दगडांनी भरलेला असतो आणि दगडांमधली पोकळी ३५ ते ४० टक्के, म्हणजे पाण्याला जागा ३,५०० ते ४,००० लिटर. आणि मुरण्याचा वेग? माती तासाला २० मिमी पाणी घेत असेल तर ४ चौ. मी. तळातून तासाला ८० लिटर. बाजूंच्या भिंतींतून थोडं अधिक जातं, तरी ३४,००० लिटरपुढे ते काहीच नाही.

म्हणून मुरण्याचा वेग आधी मोजा. खड्डा जितका खोल करणार, तितक्याच खोलीवर ३० सेंमी लांब-रुंद लहान खड्डा घ्या, पाण्याने भरा, मुरू द्या. असं दोन-तीनदा करून माती भिजली की पाणी तासाला किती मिमी उतरतं ते नोंदवा. कोरड्या मातीवरचं पहिलं मोजमाप नेहमी फसवं असतं. ती सुरुवातीला अधाशासारखं पाणी पिते.

उपायाची मांडणी अशी. गच्चीचं पाणी आधी टाकीत घ्या, तेच वापरा, ओसंडणारं पाणी मुरवा. मुरवण्यासाठी एका खोल खड्ड्यापेक्षा लांब उथळ चर किंवा पावसाची बाग, म्हणजे पाणी थोडा वेळ साठवून मुरवणारी खोलगट बाग, बरी. १,००० चौ. मी. छपराला ८० चौ. मी.ची, २० सेंमी खोल बाग दिली तर १६,००० लिटर तात्पुरतं मावतं. २४ ते ४८ तासांत ती कोरडी झाली पाहिजे. डबकं आठवडाभर राहिलं तर डास होतात आणि बाग बुजवण्याची मागणी येते, जी रास्तच असते. मोठ्या सरीसाठी सांडवा आधीच ठरवून ठेवा, म्हणजे पाणी स्वतःची वाट ग्रंथालयाच्या तळघरातून काढणार नाही.

गाळाबद्दल : खड्ड्याआधी गाळकुंडी हवी, तिच्यातला गाळ पावसाळ्याआधी आणि मधे एकदा काढायचा. खड्ड्यात खाली मोठे दगड, वर खडी, सर्वांत वर जाड वाळू. वाळू आणि खडीमध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं कापड घातलं नसेल तर वाळू खाली झिरपून पोकळ्या भरते. तुमच्याकडे बहुधा हेच झालं आहे, म्हणून वरचा गाळ काढून उपयोग झाला नाही. थर पूर्ण उपसून, धुऊन पुन्हा रचावे लागतील. कापड घातलेल्या खड्ड्यात वर्षाला वरची ५ सेंमी वाळू खरवडून बदलली की पुरतं. वाहनतळ, जनित्राचा ओटा आणि प्रयोगशाळांच्या अंगणातलं पाणी या खड्ड्यात कधीही सोडू नका. तेल आणि रसायनं एकदा भूजलात गेली की परत काढता येत नाहीत.

प्रश्न : वसतिगृहांच्या सांडपाण्याचं प्रक्रिया केंद्र प्रत्येक लांब सुट्टीनंतर दोन-तीन आठवडे दुर्गंधी सोडतं. यंत्रांत दोष सापडत नाही.

यंत्रं ठीकच असतील. सुट्टीत टाकीतले जिवाणू उपाशी राहतात. पाणी दहाव्या हिश्शावर येतं आणि चालक दोनपैकी एक करतो : ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारा पंखा, पूर्ण वेगाने चालू ठेवतो, मग उपाशी जिवाणूंचे गोळे फुटून बारीक कण होतात आणि ते तळाशी बसत नाहीत; किंवा ब्लोअर बंद करतो, मग प्राणवायूविना टाकी सडते. दुसऱ्या प्रकारात वास येतो.

विद्यापीठासाठी केंद्र पहिल्यापासून दोन समांतर टाक्यांचं असावं, म्हणजे सुट्टीत एक बंद ठेवून सगळं पाणी दुसरीला देता येतं. एकच टाकी असेल तर ब्लोअरला टायमर लावून थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असं चालवा. सलग बंद दोन तासांपलीकडे नको. विरघळलेला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा. विद्यार्थी परतण्याच्या आठवडाभर आधी दुसऱ्या चालू केंद्रातला ताजा गाळ आणून टाका. रोजची तपासणी एका काचपात्रात होते : टाकीतलं १ लिटर पाणी घ्या, ३० मिनिटं स्थिर ठेवा. गाळ २०० ते ३०० मिलिलिटरवर बसला आणि वरचं पाणी नितळ असेल तर सहसा काळजी नाही.

स्वयंपाकघराच्या वाटेवर तेल-तुपाचा सापळा आहे का, आणि तो आठवड्याला रिकामा होतो का, हेही बघा. प्रयोगशाळेची गटारं या केंद्राला जोडलेली असतील तर ती आजच तोडा. एका बाटली जंतुनाशकात महिन्याचे जिवाणू जातात.

प्रश्न : रसायनशास्त्र इमारतीचं वीजबिल इतर इमारतींच्या कितीतरी पट. दिवे बदलले, फरक पडला नाही.

पडणार नाही. तिथे वीज दिव्यांना नाही, हवेला लागते. फ्यूम हूड म्हणजे प्रयोगातले घातक वायू बाहेर खेचणारं, पुढे सरकती काच असलेलं कपाट. त्याची काच दीड मीटर रुंद, अर्धा मीटर उघडी आणि हवेचा वेग सेकंदाला ०.५ मीटर धरला, तर तासाला १,३५० घनमीटर हवा बाहेर फेकली जाते. तेवढीच हवा थंड किंवा गरम करून आत आणावी लागते. समजा, असे ४० हूड रात्रंदिवस चालतात.

काच १५ सेंमीवर आणली तर तेच प्रमाण ४०५ घनमीटर होतं. पण एक मेख आहे : हूड स्थिर प्रवाहाचा असेल तर काच खाली केली तरी वरच्या झडपेतून तेवढीच हवा जाते. सुरक्षितता वाढते, बचत शून्य. म्हणून ‘काच बंद करा’ असे फलक लावण्याआधी हूड कोणत्या प्रकारचा ते तपासा. बदलत्या प्रवाहाचा असेल तर फलक उपयोगी. नसेल तर न वापरले जाणारे हूड बंद करून सील करा आणि उरलेल्यांना प्रवाह नियंत्रक बसवा. हे काम सुरक्षा अधिकाऱ्याला बरोबर घेऊनच.

परिसरात एकीकडे थंडावा आणि दुसरीकडे गरम पाणी एकाच वेळी लागत असेल, तर शीतकरणातली टाकाऊ उष्णता पकडता येते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१५ मध्ये आपलं गॅसवर चालणारं ऊर्जाकेंद्र बंद करून याच तत्त्वावरचं नवं केंद्र सुरू केलं. आधी तासागणिक दोन्ही गरजांचा आलेख काढा. एकाच वेळी दोन्ही लागत नसतील तर हा खटाटोप व्यर्थ.

प्रश्न : लाकडाची उंच इमारत खरंच उभी राहते का?

राहते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं ब्रॉक कॉमन्स वसतिगृह १८ मजली आहे, २०१७ मध्ये पूर्ण झालं. तळमजला आणि दोन जिन्यांचे गाभे काँक्रीटचे, वरचा सांगाडा थर चिकटवून केलेल्या लाकडाचा. पण लाकूड जवळपासच्या, पुन्हा लावल्या जाणाऱ्या जंगलातलं नसेल आणि वाळवीचा बंदोबस्त नसेल, तर नक्कल करू नका. औष्णिक वीजकेंद्रातली राख किंवा स्लॅग, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी, मिसळलेलं सिमेंट हा अधिक सोपा मार्ग आहे. सिमेंटच्या कार्बनपैकी मोठा हिस्सा चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटतो, म्हणून क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून मिळणारे सिमेंटचे मूळ खडे, कमी वापरणं हाच खरा इलाज. हे सिमेंट सावकाश घट्ट होतं. त्याला दोन आठवडे पाणी मारा आणि साचे घाईने काढू नका. भेगांच्या तक्रारी बहुतेक वेळा या दोन गोष्टी चुकवल्याने येतात.

प्रश्न : जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर सौर पॅनेल लावायची आहेत. किती मावतील?

गच्चीच्या क्षेत्राला ८ ते १० चौ. मी.ने भागा, तितके किलोवॉट. पॅनेल याहून कमी जागा घेतं, पण सफाईची वाट आणि सावली टाळण्याची अंतरं सोडावी लागतात. सूर्य ३० अंशांवर असताना १ मीटर उंच कठडा पावणेदोन मीटर सावली टाकतो, आणि एका पॅनेलवर पडलेली सावली त्या साखळीतल्या बाकीच्यांचंही उत्पादन ओढून खाली आणते. गच्ची गळत असेल तर आधी जलरोधक थर नवा करा. पॅनेल २५ वर्षं तिथे राहणार आहेत. पाचव्या वर्षी गळती शोधायला ती सगळी उतरवावी लागतात.